बाकीचं तुम्ही काढा: खराब टपालाची गोडी

(भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी जसंच्या तसं.)



आजचा विषय जरा विचित्र आहे. आज आपण खराब टपालाबद्दल बोलणार आहोत. पावसात भिजलेलं किंवा वाटेत हरवलेलं टपाल नाही हं. माणसांनी मुद्दाम खराब किंवा मुद्दाम अर्धवट बनवून पाठवलेलं टपाल. वाकडं चित्र काढलेलं पोस्टकार्ड. निम्मं वाक्य लिहून सोडून दिलेलं पत्र. पेपरातलं कात्रण तिरकं चिकटवलेलं, डिंकाचे डाग पडलेलं पाकीट. जगात याला 'मेल आर्ट' म्हणतात, आपण टपाल-कला म्हणू. चित्र काढायचं, पण गॅलरीत टांगायचं नाही, विकायचं नाही, पोस्टाच्या पेटीत टाकायचं. एका माणसाने, एका माणसासाठी.

त्यात एक मोठी जात अशी आहे की बघणारा म्हणेल, "हे काय पाठवलंय? हे तर माझा पुतण्याही काढेल!" माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. ज्याला चांगलं काढता येतं तोही मुद्दाम असं का पाठवतो? आणि ज्याला ते मिळतं, तो ते फेकून का देत नाही?

वळमधून बोलताना

मी बोलतेय वळमधून. भिवंडीजवळचं वळ. ऑनलाइन खरेदी करत असाल तर तुमचं एखादं पार्सल आमच्या भागातून गेलं असण्याची बरीच शक्यता आहे. वळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, माणकोली, हा सगळा पट्टाच गोडाऊनचा. एकेकाळी इथे भातशेती होती. पण हा भाग मुंबईच्या जकात हद्दीच्या बाहेर, तरी मुंबईला लागून. शेजारून नाशिक हायवे, न्हावाशेवा बंदराकडे जायलाही रस्ता. म्हणून व्यापाऱ्यांनी इथे माल ठेवायला सुरुवात केली. २०१७मध्ये जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोडाऊन काही गेली नाहीत. गाळ्यांना गाळे लागत गेले.

त्यातल्याच एका गाळ्यात मी डिस्पॅचला आहे. खोका घे, टेप मार, लेबल लाव, बारकोड स्कॅन कर, पुढे ढकल. लेबल सुरकुतलं तर स्कॅनर वाचत नाही. खोक्याचा कोपरा दबला तर तो बाजूला, 'डॅमेज'मध्ये. थोडक्यात काय, आमच्याकडे चांगलं पार्सल म्हणजे ज्याला कुणाचा हात लागलाय हे कळतच नाही असं पार्सल. एका शिफ्टमध्ये डोळ्यांखालून किती पत्ते जातात ते मी मोजलेलं नाही, पण त्यातल्या एकाही पत्त्याचं अक्षर कुणाच्या हाताचं नसतं.

म्हणूनच मला खराब टपालाचं वेड लागलं असावं. एवढा माल रोज घरोघरी जातो, पण 'टपाल आलं' असं कुणी म्हणत नाही. 'पार्सल आलं' म्हणतात. दोन्हींत फरक आहे. पार्सलमध्ये वस्तू येते. टपालातून माणूस यायचा.

कोपरा फाडलेलं कार्ड

तुम्ही म्हणाल, हे मेल आर्ट वगैरे परदेशातलं फॅड. तर थांबा. मुद्दाम खराब केलेलं टपाल आपल्या घरात फार आधीपासून होतं. आपण त्याला कला म्हटलं नाही, एवढंच.

भारतात पोस्टकार्ड आलं १८७९मध्ये. किंमत पाव आणा. त्यानंतर कितीतरी पिढ्यांनी सुखदुःखाच्या बातम्या त्याच कार्डावरून कळवल्या. आणि त्यात एक रीत पडली. घरात मयत झाली की नातेवाइकांना जे पोस्टकार्ड जायचं, त्याचा कोपरा फाडलेला असायचा. मुद्दाम. पोस्टमनच्या हातात तसं कार्ड दिसलं की एक अक्षर वाचायच्या आत कळायचं. ज्याला वाचताच येत नाही त्यालाही कळायचं. कोण गेलं ते नंतर, आधी कोणीतरी गेलंय हे. असं कार्ड घरात ठेवत नसत. वाचायचं आणि फाडून टाकायचं.

माझ्या आजीच्या घरी पत्रांची तार होती. खाली लाकडाची चकती, त्यातून वर आलेली आकडेदार तार, आणि त्यात ओवलेली जुनी पत्रं. प्रत्येक पत्राच्या मधोमध भोक. लग्नं, बारशी, नोकरीच्या बातम्या, मनीऑर्डरच्या पावत्या, सगळं त्या तारेत. पण कोपरा फाडलेलं एकही कार्ड नाही. ती कार्डं साठवायची नव्हतीच. त्यांचं काम एका क्षणाचं होतं.

आता याच्या उलटी गोष्ट बघा. लग्नपत्रिका. प्रेसमधून शेकड्याने छापून येतात, सगळ्या एकसारख्या. मग घरातली कुणीतरी बाई कुंकू कालवून बसते आणि एकेका पत्रिकेला हळदकुंकवाचं बोट लावते. एवढ्या महागड्या, सोनेरी छपाईच्या कागदावर डाग! तो डाग कधी मोठा पडतो, कधी फिकट, कधी खाली ओघळतो. छपाईच्या हिशोबाने बघाल तर पत्रिका खराब झाली. पण त्या डागाशिवाय आमंत्रण पुरं होत नाही. ते बोट सांगतं की ही पत्रिका मशीनमधून थेट तुमच्याकडे आलेली नाही, मध्ये एक माणूस बसलं होतं आणि त्याने तुमच्या नावाची पत्रिका हातात घेतली होती.

म्हणजे एक फाटलेला कोपरा आणि एक कुंकवाचा डाग. दोन्हींत चित्रकला शून्य. दोन्ही पाच वर्षांच्या पोराला जमतील. पण त्या कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा निरोप तोच. टपालात जो भाग 'बिघडलेला' असतो, तिथे माणसाचा हात दिसतो. ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवावी लागली नाही.

अमेरिकेतला ससेवाला

आता जरा लांब जाऊ. रे जॉन्सन नावाचा एक अमेरिकन चित्रकार होता. १९२७चा जन्म, डेट्रॉइटचा. चांगला शिकलेला, हात तयार असलेला माणूस. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या ओळखीतले लोक पुढे प्रचंड नावाजले, त्यांची चित्रं भरमसाट किमतीला जाऊ लागली. हा मात्र १९५०च्या दशकापासून लोकांना पाकिटं पाठवत बसला. पाकिटात काय? कात्रणं, अर्धवट कोलाज, आणि सश्याचं तोंड. दोन लांब कान, दोन डोळे, लांब नाक. एकच तोंड, पुन्हा पुन्हा. खाली नाव वेगळं लिहायचं की झालं दुसऱ्या माणसाचं पोर्ट्रेट!

पण त्याची खरी युक्ती पुढे आहे. तो कागदावर सूचना लिहायचा: यात भर घाला आणि मला परत पाठवा. किंवा, भर घाला आणि अमुक माणसाला पाठवा. तो अमुक माणूस तुमच्या ओळखीचा असेलच असं नाही. म्हणजे चित्र अर्धं काढायचं, उरलेलं काम समोरच्याच्या गळ्यात मारायचं आणि वर त्याची एका अनोळखी माणसाशी गाठ घालून द्यायची.

१९६२मध्ये या सगळ्या देवाणघेवाणीला एक नाव पडलं, 'न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल'. पुढे जॉन्सन त्यातल्या करस्पॉन्डन्सचं स्पेलिंग मुद्दाम चुकीचं लिहायला लागला. एक अक्षर असं बदललं की शब्दाच्या शेवटी 'डान्स' दिसावा. शाळा म्हणायचं आणि तिच्या नावातच स्पेलिंगची चूक ठेवायची. आपल्या मराठीच्या बाईंनी काय केलं असतं बघा!

१९७०मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने या मंडळींचं प्रदर्शन भरवलं. जॉन्सनने लोकांना कळवलं की काय पाठवायचं ते थेट म्युझियमच्या पत्त्यावर पाठवा. जे आलं ते लावलं. निवड नाही, नापास नाही. पुढे जगभरच्या टपाल-कलेच्या प्रदर्शनांचा हाच अलिखित नियम झाला: फी नाही, परीक्षक नाहीत, आलेलं सगळं लागणार, आणि पाठवलेलं परत मिळणार नाही.

एक गंमत आणखी. ओन कवारा नावाचा जपानी कलाकार होता. १९६८ ते १९७९ या काळात तो रोज दोन पिक्चर पोस्टकार्डं दोन वेगवेगळ्या लोकांना पाठवायचा. मजकूर काय? आज मी इतक्या वाजता उठलो. बस्स! तोही हाताने लिहिलेला नाही, रबरी शिक्क्याने मारलेला. आपल्या फॅमिली ग्रुपवर काका रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो टाकतात त्याला आपण हसतो. पण काकांचा निरोपही मुळात तोच आहे: उठलो, आहे अजून. फरक एवढाच की कवाराचं कार्ड एका वेळी एकाच माणसाला जायचं, आणि काकांचा सूर्योदय एका बोटाने चाळीस जणांना जातो.

आपली माणसं, आपले कागद

महाराष्ट्रात परत येऊ. १९३६ साली जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. तिथली सजावट केली होती शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी, गांधीजींच्या सांगण्यावरून, बांबूसारख्या गावातच मिळणाऱ्या साध्या वस्तू वापरून. हेच नंदलालबाबू आपल्या विद्यार्थ्यांना आणि मित्रांना पोस्टकार्डांवर चित्रं काढून पाठवायचे. एखादं झाड, एखादा बैल, चार-दोन फटकारे, झालं. एवढा मोठा चित्रकार, पण कार्डावर तो परीक्षा देत नव्हता. 'मी हे बघितलं, तुलाही दाखवतो,' एवढाच मामला.

नंतर मुंबईत, १९५०च्या दशकात, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ही तरुण मंडळी 'शब्द' नावाचा अंक काढायची, तो सायक्लोस्टाइल करून. ज्यांनी सायक्लोस्टाइल पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मेणाच्या कागदावर टाइप करायचं, तो रोलरवर चढवायचा आणि एकेक प्रत काढायची. कुठे शाई जास्त, कुठे अक्षर गायब. मोठ्या मासिकांच्या गुळगुळीत अंकांसमोर हे म्हणजे गरिबाघरचं पोर. साठच्या दशकात असे अंक आणखी निघाले. अशोक शहाण्यांचं 'असो' त्यातलंच.

या अंकांना मराठीत जो शब्द मिळाला तो मला फार आवडतो: अनियतकालिक. इंग्रजीत 'छोटं मासिक' अशा अर्थाचा शब्द आहे. आपण आकाराबद्दल बोललोच नाही. आपण म्हटलं, हे ठरल्या वेळी येईल याची खात्री नाही. पैसे जमले की येईल, मजकूर जमला की येईल. आपलं अपुरेपण नावातच सांगून टाकलं. आणि त्या अपुऱ्या कागदांवरून मराठी कविता बदलली. चकचकीत कागदाची वाट बघत बसले असते तर त्या कविता वहीत राहिल्या असत्या.

इंटरमीजिएटची भीती

आता खऱ्या दुखण्यावर येते. तुमच्यापैकी किती जणांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्यात? स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. ए ग्रेड, बी ग्रेड, सी ग्रेड. परीक्षा वाईट असं मी म्हणत नाही, त्यातून कितीतरी चित्रकार घडले. पण ज्यांना सी ग्रेड मिळाली किंवा ज्यांना बसूच दिलं नाही, त्यांनी त्यानंतर चित्र काढलंय का? माझ्या ओळखीत तरी जवळपास कुणीच नाही. "मला चित्र येत नाही" हे वाक्य वयाच्या बारा-तेराव्या वर्षी मनात बसतं आणि मग जन्मभर हलत नाही.

आणि आता तर हातात मोबाइल. रील उघडली की समोर कुणीतरी तीस सेकंदांत अप्रतिम चित्र काढून दाखवतं. एआयला सांगितलं तर ते क्षणात रंगीत, सावलीसकट, देखणं चित्र करून देतं. अशा जगात माझ्या हातून उमटलेला वाकडा ससा मी कुणाला दाखवू? त्यापेक्षा नकोच. म्हणून आपण काय करतो? तयार स्टिकर पाठवतो. तयार शुभेच्छा फॉरवर्ड करतो. चुकायची भीती नाही, पण त्यात आपणही नाही.

आणि समोरचा काय करतो? अंगठा दाखवतो. त्याचा दोष नाही. पुऱ्या झालेल्या गोष्टीला दुसरं करणार काय? त्यात त्याच्यासाठी कामच उरलेलं नसतं. सुंदर, पूर्ण चित्र बघून माणूस 'वा' म्हणतो आणि पुढे जातो. अर्धवट चित्र बघून त्याचा हात शिवशिवतो. "अरे, याला शेपटी राहिली!"

माझ्या मते खराब टपालाची सगळी गोडी इथे आहे. पाठवणाऱ्याने आधीच स्वतःला नापास करून घेतलेलं असतं. त्यामुळे उत्तर देणाऱ्याला पास व्हायची गरज उरत नाही.

चाकं नसलेला ट्रक

एक उदाहरण सांगते, आमच्याच गाळ्यातलं. दिवाळीच्या सीझनला इथे जादा माणसं घेतात आणि सीझन सरला की कमी करतात. हे दरवर्षीचं आहे, कुणा एका ठिकाणचं नाही. अशीच आमच्या शिफ्टमधली एक ओळ कमी झाली. त्यात पॅकिंगचा एक मुलगा होता, हसरा, दिवसभर बडबड करणारा. काम गेलं, तो गावी गेला आणि दोन दिवसांनी ग्रुपमधून बाहेर पडला. "कसा आहेस?" विचारलं की उत्तर एकच, "ठीक." फोन केला तर उचलायचा नाही. अशा माणसाला काय लिहिणार? "काळजी करू नकोस" म्हणणं सोपं, पण आमची नोकरी चालू होती आणि त्याची नव्हती.

मग आम्ही डॅमेज खोक्याचा एक तुकडा कापला, पोस्टकार्डाएवढा. त्यावर मार्करने मी एक ट्रक काढला. माझं चित्र कसं असतं विचारू नका, केबिन आणि हौदा यांचं एकमेकांशी भांडण झाल्यासारखं. आणि चाकं काढलीच नाहीत. खाली लिहिलं, "माणकोली नाक्यावर अडकलोय. चाकं पाठव." मागे त्याचा पत्ता, पोस्टात वजन केलं, तिकीट लावलं, टाकलं.

जवळजवळ महिन्याने ते परत आलं. चाकांच्या जागी त्याने चार भाकऱ्या काढल्या होत्या, तव्यावरचे काळे डाग दाखवून. खाली एक ओळ: "चाकं बसवली. आता ड्रायव्हर लागत असेल तर सांगा."

आम्ही हसलो, आणि मग कुणी हसेना. 'काम असेल तर बघा' हे वाक्य त्याला फोनवर बोलता येत नव्हतं. ते त्याने भाकरीच्या चाकांवरून पाठवलं. नीट लिहिलेलं सहानुभूतीचं पत्र गेलं असतं तर त्याला "आभारी आहे" असं लिहावं लागलं असतं. मोडका ट्रक गेला म्हणून त्याला तो दुरुस्त करता आला. ज्याचं काम गेलंय त्याला कुणीतरी काम दिलं, चार चाकांचं का होईना.

पुढे आमच्यातल्या एका हेल्परने त्यात भर घातली. तो सही सोडून काही लिहीत नाही. त्याने ट्रकच्या मागे चिमुकल्या ट्रकांची रांग काढली, कार्डाची कड संपेपर्यंत. जो कुणी माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय त्याला ते चित्र लगेच कळेल.

मग काहीही खपवायचं का?

इथे कुणीतरी विचारेलच, "मग काय, वाईट काढायचं आणि कला म्हणायचं? हा तर आळशीपणा झाला." प्रश्न बरोबर आहे. टपाल-कलेतही हा रोग आला होता. झेरॉक्स स्वस्त झाली तशी लोकं एकच पान शंभर प्रती काढून शंभर पत्त्यांवर पाठवायला लागली. आपल्याकडे संतोषी मातेच्या नावाने पोस्टकार्डं यायची ना, 'हे पत्र इतक्या जणांना लिहून पाठवा, नाहीतर...', तसलाच प्रकार. ते खराब असायचं, पण कुणासाठीच खास नसायचं. त्यात तुमच्यासाठी जागा नव्हती, फक्त धमकी होती. आणि १९७३मध्ये रे जॉन्सनने वृत्तपत्राच्या मृत्युलेख विभागाला पत्र लिहून आपल्याच 'स्कूल'च्या निधनाची बातमी कळवून टाकली. पाकिटं पाठवणं मात्र नंतरही चालूच ठेवलं!

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. वाईट चित्र हातात आलं की बघायचं: यात माझ्यासाठी काही सोडलंय का? रिकामी जागा, प्रश्न, राहिलेलं चाक? सोडलं असेल तर ते मुद्दाम अर्धवट आहे. नसेल तर ते नुसतंच वाईट आहे, आणि कुणी 'मी मुद्दाम केलंय' म्हणून मिरवत असेल तर त्याला खुशाल हसा. मुद्दाम वाईट काढण्याचीही फॅशन होते. तीही पुन्हा एक परीक्षाच, फक्त उलटी.

आणि हा नुसता टाइमपास आहे असंही समजू नका. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात सत्तरच्या दशकात लष्करी हुकूमशाही होती. तिथे क्लेमेन्ते पादिन आणि होर्हे काराबायो हे दोन टपाल-कलाकार होते. १९७७मध्ये सरकारने दोघांना पकडून तुरुंगात टाकलं. आरोप काय, तर लष्कराची अप्रतिष्ठा केली! रबरी शिक्के, घरगुती तिकिटं, कागदाचे कपटे, यांना एक लष्कर घाबरलं. कारण असला कागद कुणालाही बनवता येतो, त्याला प्रेस लागत नाही, परवाना लागत नाही, आणि एकाने पाठवला की दुसऱ्याचा हात शिवशिवतो. मग त्यांच्या सुटकेसाठी देशोदेशीच्या टपाल-कलाकारांनी पत्रांची मोहीम चालवली. ज्यांनी त्या दोघांना कधी पाहिलं नव्हतं अशा लोकांनीही.

करून बघायचं असेल तर

आता कामाचं बोलू. पोस्टाचं साधं कार्ड आजही पन्नास पैशांना आहे. पोस्ट ऑफिसच्या खिडकीवर मागा. एका बाजूला पूर्ण जागा तुमची, दुसऱ्या बाजूचा उजवा अर्धा भाग पत्त्यासाठी. तिथे कलाकारी नको.

खोक्याच्या पुठ्ठ्याचं कार्ड केलंत तर ते खिडकीवर दाखवा, वजन करा आणि सांगतील तेवढं तिकीट लावा. तिकीट कमी पडलं तर पत्र बेरंग होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून मागतात. मित्राला चित्र पाठवायचं, बिल नाही. धागे, मणी, टाचण्या बाहेर चिकटवू नका. शिक्के मारणाऱ्या माणसाच्या हाताचाही विचार करा.

चित्र कितीही गबाळं असू दे, पिनकोड मात्र स्वच्छ लिहा. हा पिनकोड एका मराठी माणसाची देणगी आहे, माहितीय? श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतमध्ये लिहिणारे कवी. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. देशात एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि अक्षर ज्याचं त्याचं. सहा आकड्यांनी त्यावर तोडगा काढला. आमच्या वळचा ४२१३०२. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग, पहिल्या तीन आकड्यांवरून वर्गवारी कुठे करायची ते कळतं आणि शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात. मला यात एक मजा दिसते. ते सहा आकडे नीट असले की बाकी अक्षर वाकडंतिकडं असलं तरी चालून जातं. एका कवीने आपल्याला गचाळ लिहायची सोय करून ठेवली!

आणि काय काढायचं? जे येतं ते. फक्त पुरं करू नका. घर काढा, दार ठेवू नका. माणूस काढा, चेहरा मोकळा सोडा. "काल रात्री मला वाटलं की" एवढंच लिहा आणि थांबा. खोडलेलं खोडलेलंच राहू द्या, नवं कार्ड घेऊ नका. फोटो काढून स्टेटसला टाकायचा मोह होईल, तेवढा आवरा. चाळीस जणांनी बघितलेलं कार्ड त्या एका माणसाचं राहत नाही.

कुणाला पाठवायचं हे मी सांगायला नको. ऐकता ऐकता एक नाव तुमच्या डोक्यात आलं असेल. ज्याला बरेच दिवस मेसेज करायचाय पण काय लिहावं सुचत नाही, तोच. त्याला लिहू नका काही. एक ट्रक काढा आणि चाकं राहू द्या.

चला, आजच्यापुरतं एवढंच. शिफ्टची वेळ झाली. पुढच्या भागात भेटू, तोवर सांभाळून राहा, आणि हो, आधी त्या माणसाचा पत्ता मागून घ्या.